खासगी शाळेनं कामावरून काढलं तर स्कूल ट्रिब्युनलमध्ये कसं जायचं : नागपूरच्या शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी

आपल्याकडे नोकरीवरून काढल्याचं पत्र यायचा एक हंगाम असतो, एप्रिलची अखेर ते मे. निकाल लागलेला असतो, शाळेला कुलूप असतं, सहकारी गावी गेलेले असतात आणि नागपूरच्या त्या उन्हात कुणाला घराबाहेर पडावंसं वाटत नाही. पत्र हातात पडलेला माणूस म्हणतो, शाळा उघडली की सचिवांना भेटू, काहीतरी मार्ग निघेल. विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी, आणि अपिलाची मुदत आहे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांची. म्हणजे सचिवसाहेब भेटेपर्यंत मुदत संपलेली असते. हे त्यांनाही चांगलं ठाऊक असतं.

मी वकील नाही. शिक्षक संघटनेच्या कामात अशा प्रकरणांचे कागद लावून देतो, एवढीच माझी पात्रता. हा लेख ज्यांनी कोर्टाची पायरी कधी चढली नाही त्यांच्यासाठी आहे. वकिलाकडे जायच्या आधी काय करायचं आणि वकिलाकडे काय घेऊन जायचं, यावर जास्त भर दिला आहे. पुढचं वकील सांगतीलच.

आधी बघा, हे दार तुमचं आहे का

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा आहे. १९७७ चा, लागू झाला १५ जुलै १९८१ पासून. त्याचं मराठी नाव लांबलचक आहे, महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम. सगळे त्याला एमईपीएस म्हणतात. सोबत १९८१ ची नियमावली आहे आणि खरा मसाला तिच्यात आहे. या कायद्याच्या कलम ९ खाली जे अपील होतं ते शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे बोलीभाषेतल्या स्कूल ट्रिब्युनलमध्ये. नागपूरला हे न्यायाधिकरण आहे, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही.

शाळा अनुदानित असो की विनाअनुदानित, कायदा दोन्हींना लागू आहे. लिपिक, शिपाई, प्रयोगशाळा परिचर हेसुद्धा यात येतात, नुसते शिक्षक नाहीत. ज्युनिअर कॉलेज आणि डीएड कॉलेजही यात आहे. जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळा मात्र ‘खासगी’ नाहीत, त्यांचं दार वेगळं. सीनिअर कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी विद्यापीठ कायद्याखालचं न्यायाधिकरण आहे. कंत्राटदाराकडून लागलेले बसचालक किंवा सुरक्षारक्षक यांचा रस्ता कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडून जातो.

अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक, आणि संस्थेनं शिक्षण संचालकांना नावं कळवलेले आणखी तीन जणांपर्यंतचे कर्मचारी, यांची भरती या कायद्याबाहेर राहू शकते. बाकी सगळं आत. सीबीएसई शाळेत असाल तर वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा की आमची शाळा या कायद्याच्या व्याख्येत ‘मान्यताप्राप्त’ ठरते का. समोरची बाजू सुरुवातच तिथून करते.

पुष्कळ जण थेट लेबर कोर्टाचं विचारतात. कारखान्यातल्या भावाला तिथे न्याय मिळालेला असतो, म्हणून. पण शिक्षक हा औद्योगिक कायद्यातला ‘कामगार’ नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच सांगून टाकलं आहे. तिथे गेलात तर वर्ष-दोन वर्षांनी कळतं की दार चुकलं.

आणि एक. नुसतं निलंबन झालं असेल तर त्याविरुद्ध हे अपील नाही. काढून टाकणं, सेवा कोणत्याही रीतीनं संपवणं, पदावनती, किंवा बढतीत डावलणं, एवढ्यासाठीच कलम ९ आहे.

पहिले दोन-तीन दिवस

पत्र पोस्टानं आलं असेल तर पाकीट फेकू नका. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा, पोस्टाचा शिक्का नीट दिसेल असा फोटो काढा. तीस दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजत नाहीत, ते तुमच्या हाती पडल्यापासून मोजतात. पत्र मागची तारीख टाकून पाठवायची खोड काही संस्थांना असते, तेव्हा पाकीटच कामी येतं.

पाकिटाची दुसरी गंमतही सांगून ठेवतो. शाळेकडून जाड पाकीट येतं, आत कोरा कागद किंवा जुनं परिपत्रक. नंतर संस्था म्हणते की त्यातच सेवासमाप्तीचा आदेश होता, ही पोचपावती बघा. म्हणून संशय असेल तर पाकीट शेजाऱ्यासमोर उघडा, व्हिडिओ काढा, आणि आत काय निघालं ते त्याच दिवशी संस्थेला लेखी कळवा. अतिशयोक्ती वाटेल. अशी भांडणं पाहिलेल्या माणसाला वाटणार नाही.

पत्रच दिलं नाही, नुसतं ‘उद्यापासून येऊ नका’ म्हटलं, हा प्रकार विनाअनुदानित शाळांत जास्त. चित्र साधारण असं असतं. मॅडम वेळेवर शाळेत पोचतात. हजेरीपट रोज टेबलावर असतो, आज कपाटात. लिपिक मान खाली घालून म्हणतो, “साहेबांनी सही करू देऊ नका म्हणून सांगितलं मॅडम, माझं काही नाही त्यात.” मुख्याध्यापक मीटिंगमध्ये. मॅडम अर्धा तास स्टाफरूममध्ये बसून घरी जातात. आणि पुढे संस्था कोर्टात लिहून देते की या स्वतःच यायच्या बंद झाल्या.

यावर उपाय म्हणजे त्याच दिवशीचं पत्र. चार ओळी पुरेत: आज अमुक तारखेला अमुक वाजता मी कामावर हजर झाले, हजेरीपटावर सही करू दिली नाही, तोंडी येऊ नका म्हणून सांगितलं, मी काम करायला तयार आहे. दोन प्रती काढा. एक शाळेच्या आवकमध्ये देऊन दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. आवक नाकारली तर सरळ सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत जा, किंवा जवळच्या पोस्टात. २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे खिडकीवर ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, पोचपावती पाहिजे’ असं स्पष्ट सांगा. एक प्रत संस्थेच्या सचिवांना, एक मुख्याध्यापकांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हा, पुन्हा पत्र द्या. लाज वाटते, पण करा. ‘कोणत्याही रीतीनं सेवा संपवणं’ या शब्दांत तोंडी काढणंही बसतं, फक्त ते कोणत्या दिवशी घडलं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडू नका. रागाच्या भरात टाकलेला मेसेज संस्थेच्या फायलीत गैरवर्तनाचा पुरावा म्हणून लागतो. ग्रुपमधून काढायच्या आधी तुमच्या कामाचे मेसेज, वेळापत्रक, परीक्षेच्या नेमणुका यांचे स्क्रीनशॉट मात्र घेऊन ठेवा.

महिनाभराच्या पगाराचा चेक दिला असेल तर तो घेताना ‘हक्क राखून स्वीकारला’ असं लिहा. ‘पूर्ण हिशोब मिळाला, तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही करू नका, मग समोर कुणीही बसलेलं असो.

राजीनामा लिहून घेतला असेल तर

हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि सगळ्यात जास्त भीती याचीच असते. नोकरी देतानाच कोऱ्या कागदावर सह्या घेतलेल्या असतात. वेळ आली की त्याच सहीच्या वर कॉम्प्युटरवर ‘वैयक्तिक कारणास्तव’ टाइप होतं.

कायद्याचं कलम ७ इथे तुमच्या बाजूनं आहे. राजीनामा कसा द्यायचा याची रीत त्यात ठरवून दिली आहे. कर्मचाऱ्यानं दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत नोंदणीकृत टपालानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची. सचिवांच्या केबिनमध्ये घेतलेला कागद या रीतीत कुठे बसतो? संस्थेला पोस्टाची पावती दाखवायला सांगा, तिथेच त्यांची गोची होते.

पण गप्प बसलात तर कलम ७ सुद्धा लंगडं पडतं. सही जबरदस्तीनं घेतली असेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, शिक्षणाधिकारी आणि संस्था दोघांना कळवा की राजीनामा स्वेच्छेनं दिलेला नाही. सहा महिन्यांनी सुचलेली जबरदस्ती कुणालाही खरी वाटत नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, पण तिथे थांबू नका

सिव्हिल लाइन्सला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी प्राथमिक आणि माध्यमिक यांची कार्यालयं आहेत. प्रत्येक काढलेला शिक्षक आधी तिथे जातो. अर्ज देतो, बाबू म्हणतो संस्थेचा खुलासा मागवतो, मग खुलासा येत नाही, मग स्मरणपत्र जातं. या सगळ्यात दिवाळी येते.

शिक्षणाधिकारी तुम्हाला कामावर परत घ्यायचा आदेश न्यायाधिकरणासारखा देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्याकडे अर्ज पडून आहे म्हणून तुमचे तीस दिवस थांबत नाहीत. अर्ज द्यायचा तो नोंद राहावी म्हणून. अपिलाची तयारी त्याच दिवशी सुरू करायची.

माहिती अधिकाराचंही तेच. दहा रुपयांचा अर्ज करून वैयक्तिक मान्यतेची (तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या मंजुरीची) प्रत, संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा तक्ता), सेवाज्येष्ठता यादी, बिंदुनामावली (आरक्षणाप्रमाणे पदांची नोंदवही) जरूर मागा. पण उत्तराला त्यांना तीस दिवस आणि अपिलाला तुम्हाला तीस दिवस. हिशोब तुम्हीच करा. ते कागद नंतर दाखल करता येतात.

न्यायाधिकरण आधी तुमच्या नेमणुकीकडे बघतं

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. काढलेल्या माणसाच्या डोक्यात अन्याय असतो: काढलं कसं, कुणी, काय बोलले. न्यायाधिकरणापुढे पहिला मुद्दा तो नसतो. शाळा मान्यताप्राप्त आहे का, आणि तुमची नेमणूक कलम ५ आणि नियमांप्रमाणे झाली होती का, हे आधी तपासलं जातं. मग काढण्याचा विचार.

म्हणून संस्थेचा लेखी जवाब दाखल होतो तेव्हा एक विलक्षण दृश्य दिसतं. ज्या संस्थेनं तुम्हाला मुलाखतीला बोलावलं, आदेश दिला, पाच वर्षं दहावीचे वर्ग घ्यायला लावले, निवडणुकीच्या ड्यूटीला पाठवलं, तीच संस्था शपथेवर सांगते की यांची नेमणूक बेकायदेशीर होती. जाहिरात नव्हती, पद मागासवर्गीयांसाठी राखीव होतं, अतिरिक्त शिक्षकांच्या यादीतून घ्यायला हवं होतं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) नव्हती. नेमणूक केली कुणी, तर त्यांनीच! पण हसून भागत नाही, उत्तर कागदानं द्यावं लागतं.

म्हणून घरातलं कपाट उपसा आणि हे शोधा: जाहिरातीचं कात्रण, अर्जाची प्रत, मुलाखतीचं पत्र, नियुक्ती आदेश (सगळ्या वर्षांचे), रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यतेचं पत्र, जातवैधता, टीईटीचं प्रमाणपत्र, पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं स्टेटमेंट, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा. पगार रोखीत मिळत असेल तर बोर्डाची परीक्षक नियुक्ती, यूडायसमधली (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली) नोंद, प्रशिक्षणाचं हजेरीपत्र, शाळेच्या वार्षिकांकातला स्टाफचा फोटो, यातलं जे मिळेल ते.

नियुक्ती आदेशातलं एक वाक्य नीट वाचा. ‘या शैक्षणिक सत्रापुरती’ असं लिहिलंय का? संस्था दरवर्षी जूनमध्ये नवा आदेश आणि एप्रिलअखेर मुक्ती, असा खेळ करतात. उद्देश हा की तुमचा परिविक्षा काळ, म्हणजे प्रोबेशन, कधी सुरूच होऊ नये. रिक्त पद कायम असेल तर कलम ५ प्रमाणे नेमणूक दोन वर्षांच्या परिविक्षेवर व्हायला हवी, शिक्षणसेवकासाठी (सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकासाठी) तीन वर्षं. ती समाधानकारक पार पडली की तुम्ही कायम. मात्र एक वर्षाचा आदेश असला की आपोआप परिविक्षा धरली जाते, असा गैरसमज ठेवू नका. पद कायम आणि स्पष्ट रिक्त होतं, जाहिरात त्या पदाची होती, निवड रीतसर झाली, हे दाखवावं लागतं. अशी प्रकरणं या एका मुद्द्यावर तरतात किंवा बुडतात.

वैयक्तिक मान्यता नसेल तर हातपाय गाळू नका. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता ही वैध नेमणुकीची पूर्वअट नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सेंट उलाई हायस्कूलच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मान्यता नाही म्हणजे तुम्ही कर्मचारीच नाही, हा संस्थेचा आवडता मुद्दा तिथे संपतो. मान्यता असली तर पगाराच्या बाबतीत सोपं जातं, हे वेगळं.

उलट बाजूही सांगतो. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं (शिक्षकांच्या ऑनलाइन पगारप्रणालीतल्या खोट्या क्रमांकांचं) प्रकरण उघडकीस आल्यापासून नेमणुकीच्या कागदांकडे सगळेच भिंग लावून बघतात. मागच्या तारखेचा आदेश किंवा ‘करून आणलेली’ मान्यता तुमच्या फायलीत असेल तर ती वकिलापासून लपवू नका. समोरच्याकडे तिची मूळ प्रत असते.

काढलं कोणत्या कारणानं, त्यावर तुमचा मुद्दा ठरतो

परिविक्षेत असाल तर काम किंवा वर्तणूक समाधानकारक नाही म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन काढता येतं. पण ते ‘समाधानकारक नाही’ कागदावर असावं लागतं. नियम १४ आणि १५ प्रमाणे तुमचं स्वयंमूल्यमापन, मुख्याध्यापकांनी केलेलं मूल्यमापन, गोपनीय अहवाल, प्रतिकूल शेरे कळवणं, हे झालंय का? वर्षभर एक मेमो नाही आणि एप्रिलमध्ये अचानक तुम्ही नालायक, हे पटवून देणं संस्थेला जड जातं.

कायम कर्मचाऱ्याला गैरवर्तनाच्या कारणावरून काढायचं तर पूर्ण चौकशी लागते, आणि ती कशी करायची हे नियम ३६ आणि ३७ मध्ये बारकाईनं दिलं आहे. आधी आरोपांचं विवरण, त्यावर खुलाशाला सात दिवस. मग तीन जणांची चौकशी समिती: एक व्यवस्थापनाचा, एक तुम्ही सुचवलेला (तो कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी चालतो), आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. मुख्याध्यापकाची चौकशी असेल तर रचना थोडी वेगळी. आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, लेखी निष्कर्ष, आणि साधारण १२० दिवसांत शेवट.

बहुतेक संस्था इथेच घसरतात. अध्यक्षांचे साडू, संस्थेचेच निवृत्त मुख्याध्यापक आणि एक वकील, अशी समिती बसते. दोन बैठका होतात आणि दोष सिद्ध! तुमचा प्रतिनिधी समितीत नव्हता, पुरस्कारप्राप्त सदस्य नव्हता, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, यातली प्रत्येक गोष्ट अपिलात स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा. चौकशी अजून चालू असेल तर हे सगळं आत्ताच लेखी नोंदवत जा. आपला सदस्य नेमताना भावकी बघू नका, बैठकीत तोंड उघडणारा आणि निष्कर्षावर भिन्न मत लिहिण्याची धमक असलेला माणूस बघा.

पद रद्द झालं म्हणून काढलं असेल तर नियम २६, सेवाज्येष्ठता आणि शिक्षण विभागाची पूर्वमंजुरी हे मुद्दे येतात. तुम्ही यादीत शेवटचे होता का, एवढं आधी तपासा. तुमच्यानंतर लागलेला माणूस आज फळ्यापुढे उभा असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे.

वकील आणि अपिलाचा मजकूर

दिवाणी दावे चालवणारा ओळखीचा वकील आणि शाळा न्यायाधिकरणात नेहमी उभा राहणारा वकील, यांत फरक आहे. फी विचारायच्या आधी एवढं विचारा: कलम ९ ची अपिलं चालवली आहेत का, आणि परिविक्षा की तात्पुरती नेमणूक, यावर माझ्या कागदांवरून तुमचं मत काय. उत्तर देताना ज्यांनी तुमचा नियुक्ती आदेश हातात घेऊन वाचला, त्यांच्याकडे जा. ‘शंभर टक्के जिंकू’ म्हणणाऱ्यांना नमस्कार करून बाहेर पडा.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग अर्जदार यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. शिक्षिकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अपिलात सामनेवाले म्हणून संस्था (अध्यक्ष किंवा सचिवांमार्फत), मुख्याध्यापक आणि संबंधित शिक्षणाधिकारी यांना घ्या. संस्थेचं नाव पाटीवर असतं तसं लिहू नका, धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे तसं लिहा. संस्थेत दोन गट भांडत असतील, आणि कुठल्या संस्थेत नसतात, तर चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय आयुक्तांकडची नोंद) कुणाचा मंजूर आहे तेही बघून घ्या. नाहीतर एक गट म्हणेल आम्ही काढलंच नाही आणि दुसरा म्हणेल आम्ही नेमलंच नव्हतं.

मजकूर तारखेवार असू द्या. शाळेसाठी केलेला त्याग आणि सचिवांचा स्वभाव यांवर पानं भरू नका.

तीस दिवस उलटून गेले असतील तर विलंबमाफीचा अर्ज सोबत लागतो. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद, पत्र उशिरा मिळालं असेल तर पाकीट. ‘कायदा माहीत नव्हता’ एवढ्यावर भागत नाही. विलंब आठ दिवसांचा असेल तर वेगळी गोष्ट, दोन वर्षांचा असेल तर वेगळी.

दोन गोष्टी अपिलातच मागा, नंतरसाठी ठेवू नका. पहिली, स्थगिती. कलम १० प्रमाणे न्यायाधिकरण सेवासमाप्तीच्या आदेशाला स्थगिती देऊ शकतं. ती सहज मिळत नाही, पण नोटिशीचा महिना अजून चालू असताना पोचलात तर मागण्यात खरा अर्थ असतो. दुसरी, मागचा पगार. त्यासाठी काढल्यापासून आपण कुठेही कमाईच्या कामावर नाही, हे शपथेवर लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये, तेही याच कायद्याखालच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात, सांगितलं आहे की बेकायदेशीरपणे काढलं असेल तर पूर्ण मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. आणि कर्मचाऱ्यानं बेकार असल्याचं सांगितल्यावर, तो दुसरीकडे कमावत होता हे सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. दरम्यान ट्यूशन घ्यावी लागली, दुसऱ्या शाळेत तासिका घेतल्या, तर खरं ते लिहा. त्यानं अपील बुडत नाही, पगाराचा आकडा कमी होईल. खोटं पकडलं गेलं तर बाकीच्या खऱ्यावरचाही विश्वास जातो.

तारखा

कायद्यात म्हटलंय की अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं. ‘शक्यतो’ या शब्दाचा अर्थ तुम्हाला पहिल्या वर्षात कळेल. नोटीस बजावणी, संस्थेचा जवाब, शिक्षणाधिकाऱ्यांचा जवाब, मग युक्तिवाद. संस्था मूळ नोंदी आणत नसेल तर हजेरीपट, आवकजावक, ठरावाचं पुस्तक सादर करायला लावा असा अर्ज वकिलांना द्यायला सांगा. ठरावाचं पुस्तक विशेष. सेवासमाप्तीचा ठराव किती तारखेच्या सभेत झाला, सह्या कुणाच्या, आणि तो ठराव आदेशाच्या आधीचा आहे की नंतरचा, हे बघितल्यावर कधीकधी प्रकरणाचा रंगच बदलतो.

शिक्षणाधिकाऱ्यांचा जवाब तुमच्या बाजूचा असला तर मोठा आधार होतो. त्यासाठी त्यांच्या कार्यालयात दिलेले अर्ज आता कामी येतात.

मधल्या काळात तडजोडीचा निरोप येईल. पैसे घ्या आणि मिटवा, किंवा पुढच्या जूनपासून घेतो, आधी केस काढा. केस आधी काढू नका. जे काही ठरेल ते न्यायाधिकरणापुढे लेखी द्या, सह्यांसह.

निकाल लागल्यावर

कलम ११ प्रमाणे न्यायाधिकरण आदेश रद्द करू शकतं, त्याच पदावर परत घ्यायला सांगू शकतं, थकलेला पगार देऊ शकतं, शिक्षा कमी करू शकतं. परत घेणं योग्य नाही असं वाटलं तर भरपाई: दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर बारा महिन्यांचा पगार, कमी असेल तर सहा महिन्यांचा. म्हणून ‘पैसे मिळाले तरी चालतील’ असं सुरुवातीपासून म्हणत राहू नका, तो आकडा फार मोठा होत नाही.

निकालाविरुद्ध पुढे अपील नाही, पण हरलेली बाजू उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका घेऊन जाते. संस्था जाणारच असं धरून चाला. निकाल तुमच्या बाजूनं लागला की लगेच वकिलांकडून खंडपीठात कॅव्हेट दाखल करून घ्या, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणार नाही. स्थगिती मिळाली तर थकबाकीची काही रक्कम जमा करायची अट घालावी, अशी विनंती करा.

आणि स्थगिती नसेल तर निकालाची प्रमाणित प्रत घेऊन शाळेत हजर व्हा. रुजू अहवाल दोन प्रतींत, आवकचा शिक्का, सोबत एखादा साक्षीदार. घेतलं नाही तर पुन्हा तेच, पोस्ट आणि शिक्षणाधिकाऱ्यांना प्रत. या कागदावरूनच आदेश पाळला नाही म्हणून कलम १३ खाली व्यवस्थापनाविरुद्ध फौजदारी कारवाईचा रस्ता उघडतो. शाळा अनुदानित असेल तर तुमची थकबाकी संस्थेच्या अनुदानातून कापून थेट तुम्हाला द्यावी अशी शिफारस न्यायाधिकरण शासनाला करू शकतं. ही मागणी अपिलाच्या प्रार्थनेतच, म्हणजे शेवटी मागण्या लिहितात त्या भागातच, लिहिलेली असावी. अपील दाखल करायच्या आदल्या संध्याकाळी प्रार्थनेचं पान स्वतः वाचा आणि ती ओळ नसेल तर वकिलांना टाकायला सांगा.